पुढचा पाय

शरणप्पा मास्तरांच्या गळ्यात दोन दोऱ्या असत. एक इष्टलिंगाची, सदऱ्याच्या आत. दुसरी शिट्टीची, सदऱ्याच्या बाहेर. दोन्ही चारचौघांत हातात घ्यायच्या नाहीत असा त्यांचा नेम होता. लिंगाचं मी समजू शकत होते. पण पी.टी.चा मास्तर आणि शिट्टी वाजवत नाही? मी एकदा विचारलंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मैदानाकडं पाहिलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडत होते, तर समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "शिट्टी वाजली की पोरं शिट्टीकडं बघतेत, अक्का. चेंडूकडं कोण बघायचं?" हा माणूस कशाबद्दल बोलतोय हे कळायलाच मला दोन घास लागले.

उत्तराला ते असाच वेळ घेत. स्टाफरूममध्ये आम्ही म्हणायचो, मास्तरांनी लग्नाला होकार दिला तेव्हा त्यांचं पोरगं बालवाडीत जात होतं. ते ऐकून मास्तर हसायचे, तेसुद्धा जरा उशिरानं.

कमलनगरच्या एका मराठी शाळेत मी मराठी शिकवत होते. राहायला बिदरला, मैलूर भागात. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर बरोबर एक बाई लागते, आणि बाकीच्या बायकांची पोरं लहान होती म्हणून ती बाई दरवेळी मी. त्यामुळं बेसबॉल या खेळाशी माझा संबंध आला. पिशव्या राखायच्या, डबे मोजायचे, कुणाचं डोकं दुखलं तर बाम लावायचा. मैदानाच्या कडेला छत्री घेऊन मास्तर उभे, त्यांच्या मागं पिशव्यांच्या ढिगाशेजारी मी. गावातली माणसं त्या खेळाला विट्टीदांडूचा शिकलेला भाऊ म्हणत. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं गोल बॅटनं तो हाणायचा आणि पळत सुटायचं, इतकं मला कळत होतं. त्याहून जास्त कळावं अशी माझी इच्छाही नव्हती.

मास्तर मूळचे शेतकऱ्याघरचे. घरी कानडी, बाहेर मराठी, बाजारात दखनी. अंगानं काटकुळे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि ते पांढरे राहावेत म्हणून आमच्या स्टाफरूममधले खडूचे तुकडे ओले करून बुटांना फासायचे. फळ्यावर लिहायला खडू नाही आणि मास्तरांचे बूट मात्र चुन्याच्या भिंतीसारखे, यावरून मुख्याध्यापक दर महिन्याला चिडत. पण त्यांची खुर्ची करकरायला लागली की तेही मास्तरांनाच बोलवत. शाळेत कुठलीही वस्तू हलायला लागली, की हाक मास्तरांना. टेबलाच्या पायाखाली कपटा सारतील, घंटेची कडी वाकवून देतील, माझ्या चष्म्याचा स्क्रू नखानं बसवतील. मोडकं काही दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढं जाई. "पाट फुटायला लागला की बघत बसायचं न्हाई," असं म्हणत.

आणि हाच माणूस पोरींच्या खेळाला हात लावत नसे. मुली बॅट कशाही धरोत, वाकड्या उभ्या राहोत, हे छत्रीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून बघत राहणार. "अजून मार" किंवा "बास आता", एवढंच कोचिंग. मला वाटे, आळस असावा. सरकारी पगार आहे, कशाला घसा कोरडा करतील.

अंबू आली आणि माझा हा समज गेला.

अंबिका तिचं नाव. कमलनगरहून जीप जाते अशा एका खेड्यातली. नववीत होती, उंच, खांदे मुलासारखे. वर्गात कविता म्हण म्हटलं तर जमिनीकडं बघायची. पण हातात बॅट दिली की ती डोक्याच्या वर सरळ उभी धरायची, पाय जमिनीत रोवायची आणि कंबरेतून असा हिसडा द्यायची की चेंडू जमीन चाटत कुंपणापर्यंत जायचा. मध्ये उभ्या असलेल्या पोरी आधी बाजूला व्हायच्या आणि मग चेंडू अडवायचा होता हे त्यांना आठवायचं. पहिल्या दिवशी मास्तरांनी छत्री मिटली. भर उन्हात छत्री मिटलेले मास्तर मी त्याआधी पाहिले नव्हते.

"कुठं शिकलीस गं?" मी तिला विचारलं.

"शिकले न्हाई, बाई. आमी तूर अशीच बडवताव."

खरंच तसंच होतं. आमच्या भागात आता मळणीची यंत्रं आली आहेत, पण थोडकी तूर असली की अजूनही बायका खळ्यावर समोरासमोर दोन रांगा करतात आणि काठ्यांनी बडवतात. एका रांगेच्या काठ्या वर, तेव्हा दुसरीच्या खाली. चपला बाहेर काढलेल्या. आणि पाय पुढं टाकायचा नाही. पुढं शेंगा असतात. त्यांच्यावर पाय पडला तर म्हातारी बाई काठी घेऊन मागं लागते. जागेवर उभं राहून सगळं कंबरेतून. अंबू चालायला लागल्यापासून आईच्या समोरच्या रांगेत उभी होती.

जिल्ह्याच्या निवडीत ती पास झाली. आता राज्याची निवड, आणि तिथं जमलं तर बंगळुरूकडच्या खेळाडूंच्या वसतिगृहात जागा. राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिकडंच. तिची आई, काशीबाई, एकदा शाळेच्या फाटकाशी आम्हाला गाठून म्हणाली, "मास्तर, तिकडं लागली तर शिकंल माझी लेक. न्हाई लागली तर मन्नाएखेळ्ळीचं स्थळ हाय. तिचा बाप व्हय म्हणून बसलाय. दहावी झाली की शाळा बंद करतो म्हणायलाय, मग वय भरस्तवर घरी, आन् मग तिकडं." काशीबाई त्यांच्या उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभी राहिली. तिला मास्तरांची सवय नव्हती. मग डोक्यावरचा पदर नीट करत गेली.

त्या आठवड्यात मास्तरांनी मला मोबाईलवर अंबूचं खेळणं टिपायला सांगितलं. मी बाजूनं टिपलं. परतीच्या जीपमध्ये ते माझा मोबाईल डोळ्यांजवळ धरून तेच ते पुन्हापुन्हा बघत बसले. माझी बॅटरी संपत आली होती आणि मला घरी फोन करायचा होता, पण मागायचं धाडस होईना.

"पाय बगा," ते एकाएकी म्हणाले.

मला पाय दिसला. पायासारखा पाय.

"हितं पुढचा पाय पडायला पायजे. पडंना. पाय थांबायलाय आन् कंबर तेवढी फिरायलीय. सगळा भार पाठीत. आज जोर हाय म्हणून निभायलंय. तिकडं दिवसभर मारायला लावतेत."

"मग सांगा की तिला, पाय पुढं टाक म्हणून."

"न्हाई पडायचा तिचा पाय." त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "आपल्याला मैदान दिसायलंय, अक्का. तिच्या पुढं तूर हाय."

मी म्हटलं, "तुम्ही टेबलाला टेकू लावता, घड्याळ उघडून बसता, आणि पोरीचा एक पाय तुम्हाला हलवता येत नाही?" जरा रागानंच म्हटलं. मला वाटलं, याचं उत्तर आता उद्या मिळेल. पण या वेळी ते लगेच बोलले. इतकं सलग बोललेले मास्तर मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

"शकू म्हणून एक पोरगी होती. तुमी यायच्या आदी. तिनं मारलेला चेंडू हुडकायला पोरं ज्वारीत शिरायची. मी तवा शिबिरातून आलो व्हतो, नवं नवं शिकून. म्हटलं, हिचं कोपर खाली हाय, मान वाकडी हाय. लई दिवस खपून नीट केलो तिला. पुस्तकातल्या चित्रासारखी उभी राहायला लागली. निस्तं चेंडू लागायचा बंद झाला." जीप खड्ड्यात आदळली, ते थांबले, मग पुढं म्हणाले, "मारायच्या आदी इचार करायला लागली, अक्का. आन् इचार करस्तवर चेंडू निघून जातो. मी म्हटलं, सोड सगळं, पहिल्यासारखं मार. तिला पहिलं आठवंना. निवडीच्या दिवशी एक चेंडू लागला न्हाई. बॅट माज्या हातात दिली आन् म्हणली, सर, माझं होतं तेवढं तरी परत द्या की. कुठून देऊ?"

शेजारचा माणूस बकरीचं पिल्लू मांडीवर घेऊन ऐकत होता. तो म्हणाला, "मग काय झालं पोरीचं?"

"काय व्हायचंय," मास्तर म्हणाले. "लगीन झालं."

आता कळत होतं की तो आळस नव्हता. मास्तर भीत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी मास्तर अंबूच्या मागं उभे राहायचे आणि मला दिसायचं की हे आता बोलणार. एकदा तर तिच्याजवळ गेले, छत्रीचं टोक तिच्या पायापुढं मातीत टेकवलं. अंबू वळून त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांनी छत्री उचलली आणि म्हणाले, "खडा होता." तिथं कसलाही खडा नव्हता. घरी जाताना मला म्हणाले, "निवड होऊ दे. मग बघू. तिकडं मोठे मोठे लोक हायेत, ते बघतील." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते फार बरं वाटलं. मुलगी निवडून आली, की मग पायाचं काय ते करता येईल. निवडीच्या तोंडावर पाय हलवला आणि शकूसारखं झालं, तर मन्नाएखेळ्ळीचं स्थळ उभंच होतं.

मग तुरीची सुगी आली आणि अंबू शाळेत यायची बंद झाली. सुगीत आमच्या शाळेत निम्मे बाक रिकामे असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. ती परत आली तेव्हा हाताला घट्टे होते आणि बाकावरून उठताना ती एक हात पाठीवर ठेवत होती. मैदानावर बॅट उचलताना तिचा श्वास अडकल्याचं मीसुद्धा पाहिलं.

मास्तर तिच्याजवळ गेले. "पाठ धरली का?"

"सुगी हाय की, सर," अंबू हसून म्हणाली.

आणि मास्तरांचा चेहरा मोकळा झाला. तो मोकळा झालेला चेहरा मी विसरू शकत नाही. सुगीत पाठ धरतेच. आमच्याकडं पौषात कुठल्याही घरी जा, कुठली ना कुठली बाई विटेनं कंबर शेकत बसलेली असते. त्याला दुखणं म्हणत नाहीत. काशीबाईची पाठ धरलेली होती, माझ्या घरी भांड्याला येणाऱ्या बाईची धरलेली होती. अंबूची पाठ बॅटनं धरली असेल की काठीनं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्याच्या डोक्यात यायला हवं होतं, त्याला तिनं सुगीचं नाव देऊन सोडवलं होतं. मास्तरांनी तिला घरून लसूण घालून कढवलेलं तेल आणून दिलं आणि म्हणाले, "आईला सांग चोळायला."

राज्याच्या निवडीला मी बरोबर होते. अंबूनं काय मारलं म्हणता! समोरची चेंडू फेकणारी मुलगी शेवटी शेवटी चेंडू फेकायच्या आधी आपल्या बाईंकडं बघायला लागली. निवड करणाऱ्यांतला एक जण आपल्या खुर्चीवरून उठून उभा राहिला. वसतिगृहाच्या यादीत अंबूचं नाव लागलं, तेव्हा मी पिशव्या सोडून पळत गेले आणि तिला मिठी मारली. तिनं "आई गं" म्हटलं. मी म्हटलं, आनंदानं म्हणाली. मास्तर कुंपणाजवळ पाठमोरे उभे होते. बराच वेळ वळले नाहीत. काशीबाईला फोन लावून दिला तर ती नुसती रडत होती.

अंबू गेली. पहिल्यांदा तिचे फोन यायचे. तिकडं भात फार देतात, भाकरी मिळत नाही, सकाळी अंधारात उठवतात, दिवसभर बॅट. मग फोन कमी झाले. पावसाळा सरता सरता काशीबाई शाळेत आली, आणि फाटकाशी न थांबता सरळ स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"आणलं तिला घरी," ती म्हणाली. "मणक्यात कायतरी सरकलंय. डॉक्टर म्हणले, खेळ बंद. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई." मग मास्तरांकडं बघून म्हणाली, "न वाकता, न उचलता कुठल्या घरात नांदंल हो ती?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मास्तरांना दोष देण्यासारखं काही आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. मी मास्तरांकडं बघितलं नाही.

रविवारी ते अंबूच्या गावी जाऊन आले. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी माझ्याशेजारी उभे होते. मुलं हात जोडून गात होती, आणि हे हळू आवाजात मला सांगत होते.

"घोंगडीवर पडली व्हती. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं राहू दे. मग तिनं इचारलं. म्हणली, सर, तिकडचे सर म्हणले की माझा पाय चुकायचा. लई आदीपासून चुकत आसंल म्हणले. तुमाला ठावं होतं का?"

प्रार्थना संपली. मुलं रांगेनं वर्गात जायला लागली.

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"व्हय म्हणून सांगितलो."

"आणि ती?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. उद्या देतील, परवा देतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी ते कधीच दिलं नाही.

त्यानंतर त्यांनी संघ नेणं सोडलं. मैदानावर जात, कवायत घेत, छत्री उघडून उभे राहत. आता ते मुलींच्या पाठीमागं उभे राहत नसत, फाटकाकडं तोंड करून उभे राहत. माझं टेबल डुगडुगायला लागलं, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर ते हलवून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि वर्तमानपत्र वाचत राहिले. शेवटी मीच एक कपटा सारला. तो रोज निसटायचा. बुटांना मात्र खडू फासणं चालू होतं. निवृत्तीच्या दिवशी हार घालताना शिट्टीची दोरी हारात अडकली, ती त्यांनी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेवा कुठंतरी." मी ती कपाटात ठेवली. ती वाजते की नाही, हे मलाही माहीत नाही.

अंबूच्या बापानं मन्नाएखेळ्ळीचं स्थळ सोडलं नव्हतं. पाठीचं तिकडच्या लोकांना सांगितलं नव्हतं, एवढंच. तिचं वय भरलं तसं लग्न झालं. पत्रिका आली होती. मी गेले नाही. आहेर पाठवला.

मीही पुढं निवृत्त झाले. लेक कलबुर्गीला असते, तिच्याकडं बसनं जाणं-येणं चालू असतं. गेल्या पौषात अशीच निघाले होते. मन्नाएखेळ्ळीला बस थांबली. कंडक्टर चहाला उतरला, ड्रायव्हर त्याच्यामागं. मी खिडकीशी होते. रस्त्याला लागूनच एक खळं होतं, आणि त्यावर बायकांच्या दोन रांगा तूर बडवत होत्या. कडेला चपलांचा ढीग, आणि ढिगाशेजारी नीट जोडून ठेवलेले पांढरेफेक कॅनव्हासचे बूट. मी आधी बूट ओळखले.

मग मास्तर दिसले. अनवाणी, धोतर खोचलेलं, फार वाळलेले. मिटलेली छत्री हातात. त्यांच्यासमोर रांगेच्या टोकाला अंबू होती. पोटाभोवती जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधलेली. तिच्या पायापुढं मास्तरांनी छत्रीचं टोक टेकवलं होतं, शेंगांच्या मधोमध. त्यांनी तिची काठी स्वतःच्या हातात घेतली, डावा पाय पुढं टाकला, शेंगांवर, आणि काठी मारून दाखवली. कंबर पायाबरोबर फिरली. इतक्या वर्षांत त्यांना काहीही मारताना मी पहिल्यांदाच पाहत होते. समोरच्या रांगेतल्या म्हातारीनं, सासूच असावी, काठी जमिनीवर आपटली आणि मास्तरांच्या पायाकडं बोट करून ओरडली. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

अंबूनं काठी परत घेतली. एक पाय उचलला. पाऊल शेंगांवर थोडं अधांतरी राहिलं. मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. टाक गं बाई, मी म्हटलं, टाक. शेजारच्या बाईनं माझ्याकडं वळून पाहिलं.

तिनं पाय मागं घेतला, होता तिथं रोवला. रांगा परत सुरू झाल्या. एक रांग वर, एक खाली. अंबूची काठी बरोबर तालात पडत होती आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड आवळलं जात होतं.

कंडक्टरनं घंटी मारली. मास्तर तिच्या मागं उभे होते आणि बोलत होते. हातवारे करून, भरभर, मध्ये न थांबता बोलत होते. अंबू ऐकत होती की नाही कळत नव्हतं. बस हलली, मी मान वळवून बघत राहिले. खळं मागं पडलं, तरी ते बोलतच होते.